खालून ओ आल्याशिवाय

१९ एप्रिल, रविवार

ठोंब्याच्या आईस,

सुरुवात कशी करावी या विचारात अर्धा चहा थंड झाला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, ‘सौ.’ लिहावं की नाही हे वकिलाला विचारावं लागेल, आणि नुसतं नाव लिहिलं की विजेचं बिल आल्यासारखं वाटतं. तेव्हा हेच बरं. ठोंब्या तुझा आहे, याबद्दल तरी आपलं एकमत आहे.

तुझी चिठ्ठी मिळाली. मे महिन्यात मुलांना एक अख्खा दिवस माझ्याकडे पाठवतेस, कुठेतरी मोकळ्यावर ने म्हणतेस. नेतो. आजवर दोन-तीन तासांच्या पलीकडे माझ्यावर विश्वास टाकला नव्हतास, त्यामुळे पत्र दोनदा वाचलं. फोन नको, सगळं लिहूनच कळवायचं, हेही मान्य. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मुलं दाराआड उभी राहून ऐकतात. लिहिलेलं निदान तुला अर्धवट टाकून उठता येतं.

दिवस संपल्यावर काय खाल्लं, कुठे गेले, पडले का, झोपले का, सगळं कळव म्हणतेस. कळवीन. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस रोज तेच लिहीत असतो. ‘तिसऱ्या मजल्यावर दरवाजा घासतो. तेल दिले. ठीक.’ मुलांचंही तसंच लिहीन.

एक विनंती आहे. तुझ्या भावाला सांग, मुलांना सोडायला येताना स्वतःची टोपी त्यांच्या पिशवीत विसरत जाऊ नकोस. मार्चपासून हे चाललंय. दर वेळी ती टोपी मी परत पाठवतो आणि दर वेळी ती पुन्हा हजर. माझ्या घरात त्याचा पाय पडत नाही, तर निदान टोपी तरी पडावी असा त्याचा विचार असेल. मेहुण्याची टोपी घालायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुला त्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बोलावलंय, पाणी तपासणाऱ्यांमध्ये ती मोठी जागा समजतात, शाळा घरापासून चालत जाण्यासारखी आहे, आणि इथून एक रात्र आणि वर अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. ‘तू हो म्हणालास तरच मुलांना नेईन. नाही म्हणालास तर तिकडे नाही म्हणून कळवते. पण काय ते सांग,’ असं तू फेब्रुवारीत लिहिलंस, आणि त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर हवंय हेही लिहिलंस. वाचलं आहे. विचार चालू आहे.

बाकी सगळं ठीक.

ठोंब्याचा आणि ताईचा बाप


१० मे, रविवार

ठोंब्याच्या आईस,

कबूल केल्याप्रमाणे अहवाल.

मुलं सकाळी वेळेवर आली. तुझ्या भावाने गाडी फाटकाशी थांबवली, काच खाली केली, ‘संध्याकाळी येतो’ म्हणाला आणि काच वर केली. मलाही काही त्याला चहा पाजायचा नव्हता. पिशवीत दोन बाटल्या, नाकाला लावायचं मलम, कोरडे कपडे, दोन लहान टोप्या. आणि तळाशी ती मोठी टोपी. खाकी, नवीकोरी, रुंद काठाची. मी तिला पुन्हा तळाशी कोंबली. पिशवी मी उचलायला गेलो तर ताईने दिली नाही. ती सात वर्षांची आहे की सत्तरची? ‘पाण्याकडे माझं लक्ष असतं, तुझं नसतं,’ म्हणाली. हे कोणाचं बोलणं आहे ते ओळखायला मला लिफ्टसारखं उघडून बघावं लागलं नाही.

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून चालत जुन्या तलावावर. तू कधी गेली नसशील. गवत वाळून पिवळं पडलंय, काठाला मोठमोठे दगड आहेत, एक डेरेदार झाड आहे, आणि बाजूला विटांची जुनी पंपाची खोली, तिच्या मागे नळ. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. शहाणी माणसं उन्हाळ्यात घरी पंखा लावून बसतात.

ठोंब्या आधी मुंग्यांपाशी बसला. ‘बाबा, यांना ऊन लागत नाही का?’ म्हटलं, लागतं, पण त्यांना काम असतं. ‘तुलापण काम असतं, पण तू सावलीत असतोस,’ म्हणाला. चार वर्षांचं पोर, पण जीभ बघ. मी चपटे दगड पाण्यावर उडवून दाखवले. पाचवा लगेच बुडाला नाही, उड्या मारत लांब गेला, तेव्हा दोघांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मला खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग दोघं दगडांमागे पळायला लागली, दिसेनाशी होऊ लागली. तेव्हा मी त्यांना आमच्या कामातली हाक शिकवली. लिफ्टच्या कामाला दोघं लागतात. एक वर यंत्रापाशी, एक खाली खड्ड्यात, मध्ये सगळा अंधार. वरच्याने बटणाला हात लावण्याआधी हाक मारायची, ‘आहे का?’ खालच्याने ओ द्यायची, ‘आहे, चालव’, नाहीतर ‘आहे, थांब’. आणि खालून काहीच आलं नाही, तर वरच्याने हात मागे घेऊन तसंच उभं राहायचं. कशालाही हात लावायचा नाही, जागचं हलायचं नाही, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा हाक मारायची. या नियमामुळे आमच्यातली बरीच माणसं संध्याकाळी घरी जातात.

मुलांना हा खेळ इतका आवडला की विचारू नकोस. ‘आहे का?’, ‘आहे, चालव!’ असा सगळ्या तलावभर गोंगाट. ठोंब्याला ‘चालव’पेक्षा ओ न येण्याचा भाग जास्त आवडला. ओ आली नाही की जिथल्या तिथे पुतळा. त्याचं नाव तू उगाच ठेवलेलं नाहीस.

खाल्लं ते असं: पाव, उकडलेली अंडी, काकडी, कलिंगड. कलिंगडाच्या बिया लांब कोण उडवतं याची शर्यत झाली. ताई आधी ‘शी’ म्हणाली आणि मग जिंकली. पाय पाण्यात बुडवले, घोट्यापर्यंतच. कोणी पडलं नाही.

दुपारी मी पाणी भरायला पंपाच्या खोलीमागे गेलो आणि तिथे थोडा वेळ बसलो. मुलं शहाण्यासारखी थांबली. नंतर झाडाखाली बसलो आणि ठरल्यापेक्षा जरा लवकर निघालो. ठोंब्याचे गाल लाल झालेत, थंड पाण्याची घडी ठेव. आवाजही बसलाय, ओरडून ओरडून खेळला. मोठी टोपी ओली आहे. कशी ओली झाली ते एवढं महत्त्वाचं नाही.

एकूण दिवस ठीक.

मुलं गेल्यावर खोली झाडली. पलंगाखाली ठोंब्याचा एक मोजा सापडला. धुऊन खिडकीत वाळत घातलाय. या इमारतीची लिफ्ट माझ्या भिंतीला लागूनच आहे हे तुला माहीतच आहे. नुसत्या आवाजावरून मला कळतं कोण कितव्या मजल्यावर उतरलं. आज सगळे आपापल्या घरी पोचले तोवर मी मोज्याकडे बघत बसलो होतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात.

ठोंब्याचा आणि ताईचा बाप


१६ मे, शनिवार

ठोंब्याच्या आईस,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी, पण घाव बरोबर बसला. ‘ठोंब्याच्या गालांची सालं निघताहेत. टोपी असताना कशी? ताईला विचारलं तर म्हणते, बाबा सांगेल. तर सांग.’

ताईने सांगितलं नाही! मला वाटलं होतं गाडीत बसल्या बसल्या मामाला सगळी कथा ऐकवेल. निघताना मी तिला काही बजावलं नव्हतं. तिने आपणहून ते माझ्यावर सोडलं. म्हणजे आता मला सुटका नाही.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. वर्षातले सगळे दिवस मी खड्ड्यात नाहीतर लिफ्ट वरखाली होते त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये असतो, ऊन म्हणजे काय ते मला फक्त रस्ता ओलांडताना कळतं. तिथे तलावावर सकाळभर उघड्या डोक्याने हिंडलो. ताई दोनदा म्हणाली, ‘बाबा, टोपी घाल.’ मी म्हणालो, ‘ती तुझ्या मामाची आहे. मामाच्या टोपीपेक्षा ऊन बरं.’ दुपारी जेवण झाल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मुलांना दिसू नये म्हणून बाटल्या घेतल्या, ‘दगडांपाशी खेळा, मी पाणी आणतो,’ म्हणालो आणि पंपाच्या खोलीमागे गेलो. नळ सोडला. भिंतीला टेकून खाली बसलो. पुढचं मला आठवत नाही. घेरी आली.

आता जे लिहितो ते मला ताईने बसमध्ये हळूहळू सांगितलं, ठोंब्या माझ्या मांडीवर झोपला होता तेव्हा.

मी परत येईना म्हणून ठोंब्याने हाक मारली. ‘आहे का?’ ओ आली नाही. म्हणून दोघंही उभी राहिली, जिथे होती तिथेच. झाड समोर होतं. सावली समोर होती. पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. तेवढ्यात वाऱ्याने ठोंब्याची टोपी उडाली आणि जवळच गवतात जाऊन पडली. त्याला ती दिसत होती. तो हलला नाही. ताई म्हणाली, ‘उचल की.’ तर म्हणतो, ‘ओ नाही आली. बाबा खड्ड्यात असेल. मी हललो तर लिफ्ट हलेल.’

हे वाक्य मी लिहिलं आणि पेन खाली ठेवून बाहेर जिन्यात जाऊन आलो.

नियम शेवटी ताईने मोडला. ठोंब्याला म्हणाली, ‘तू हाक मारत राहा, मी बघून येते.’ पिशवी घेऊन ती माझ्याकडे आली. मी भिंतीपाशी कलंडलो होतो, नळ वाहत होता. ती रडली नाही, ओरडली नाही. पिशवीच्या तळातून ती मोठी टोपी काढली, नळाखाली भरली आणि तशीच्या तशी माझ्या डोक्यावर पालथी केली. आणि पुन्हा भरली. जाग आली ती मानेवरून पाणी ओघळताना. आणि लांबून एक घोगरा आवाज येत होता. ‘आहे का?’ थोड्या वेळाने पुन्हा. ‘आहे का?’ त्याचा आवाज फाटला होता तरी चालूच.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ताईला खुणेने म्हटलं, तू ओ दे. तर मान हलवून म्हणाली, ‘मी दिली तर तो ऐकणार नाही. तुला मारलीये हाक, तूच दे.’ मग मी भिंतीला धरून उठलो, कोपऱ्यापर्यंत आलो. तो दिसला. भर उन्हात, हात शरीराला चिकटवून, लालबुंद. टोपी बाजूला पडलेली. मी म्हणालो, ‘आहे.’ कसंबसंच म्हणालो, पण त्याला ऐकू गेलं. तेव्हाच त्याने पाय उचलला. आधी टोपी घेतली, मग धावत आला आणि माझ्या पोटात डोकं घातलं.

म्हणजे गालांची सालं माझ्यामुळे निघताहेत. आवाज खेळून बसला नाही. तुला काय म्हणायचं ते म्हण. मी आधीच म्हणून घेतलंय.

आणखी एक गोष्ट राहिली. झाडाखाली बसल्यावर मी ताईला म्हणालो, ‘मामाची टोपी ओली केलीस, आता तो चिडेल.’

‘ती मामाची नाही. मामाचं डोकं मोठं आहे. ती तुझी आहे.’

‘कोण म्हणालं?’

‘आईने घेतली तुझ्यासाठी. आई म्हणाली, हा माणूस दिवसभर अंधारात काम करतो, याला ऊन सोसणार नाही. दुकानदाराने विचारलं डोकं केवढं, तर आईला सांगताच येईना. मग मी हात करून दाखवलं, एवढं.’

‘मग इतक्या वेळा मी परत पाठवली, तेव्हा सांगितलं का नाहीस?’

ताई विचार करून म्हणाली, ‘टोपी बघितली की तू मामाला बोलतोस. मामाला बोलून झालं की तू बरा असतोस.’

आणि पुढे म्हणाली की सकाळी निघताना तू दोघांना सांगितलं होतंस, ‘बाबाला जरा बाहेर फिरवून आणा. तो एकटा असतो.’ मी समजत होतो, मी मुलांना फिरायला नेलंय.

मला रडू आलं. मुलांसमोरच आलं. ठोंब्याने विचारलं, ‘डोळ्यात मलम गेलं का?’ मी हो म्हणालो.

मार्चपासून तू टोपी पाठवत होतीस आणि मी ती परत करत होतो, वर तुझ्या भावाला नावं ठेवत होतो. एकदाही तू लिहिलं नाहीस की ती तुझी आहे म्हणून. मला कळावं असं तुला वाटलं असणार. मला कळत नाही, हे एवढ्या वर्षांत तुला कळायला हवं होतं.

मुलांना पुन्हा पाठवशील की नाही ते तुझ्यावर.

ठोंब्याचा आणि ताईचा बाप


२७ मे, बुधवार

ठोंब्याच्या आईस,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. चिडलीस तर हक्क आहे. पण रोज पेटी उघडून बघतो, आणि रोज तिच्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची मासिकं असतात.

काल एक प्रकार झाला तो सांगतो. तू म्हणशील, लिफ्टच्या गोष्टी मला कशाला. ऐक तरी.

एका मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टचं काम होतं. मी खड्ड्यात, वर माझा जोडीदार. तोच तो म्हातारा, आपल्या लग्नात ज्याने दोनदा जेवून तिसऱ्यांदा पंगत विचारली होती. केबिन अर्ध्यावर लटकलेली. त्याने वरून हाक मारली, ‘आहे का?’ मी ऐकली. पण मी तुझ्या प्रश्नाचा विचार करत होतो. जाऊ दे म्हणावं की राहा म्हणावं. हातात पाना होता आणि मी नुसता उभा होतो. पुन्हा हाक आली, तीही ऐकली. म्हटलं, देतो ओ, एवढं मनात ठरू दे. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम खड्ड्याचं दार धाडकन उघडलं आणि म्हातारा उभा. मुख्य बटण बंद करून, सगळे जिने उतरून, धापा टाकत.

‘मेलास की काय रे? मेला असतास तर निदान एवढे जिने उतरायला मला कारण तरी मिळालं असतं!’

‘विचार करत होतो,’ मी म्हणालो.

‘विचार करायला तुला कोणी नाही म्हटलंय? “थांब” म्हण! दोन शिव्या दे! मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन. पण तू खाली मिठाची गुळणी धरून बसलास, मी वर हात मागे घेऊन उभा. ना दाबता येत, ना खाली बसता येत. तुला काय, तुला वाटतं काही झालंच नाही. माझं कंबरडं मोडलं!’

त्याला पाणी दिलं. तो पायरीवर बसून प्यायला आणि वर जाताना पुटपुटला, ‘ओ द्यायला काय पैसे पडतात?’

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून तू हलत नाहीस. फेब्रुवारीत विचारलंस, आणि तेव्हापासून हात मागे घेऊन उभी आहेस. तिकडे हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. शाळा ठरवता येत नाही. सामान बांधता येत नाही. पोरगं माझ्यामुळे उन्हात उभं राहिलं म्हणून मी इतका हळहळलो, आणि त्याच्या आईला उभं केलं ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी तुला विचार चालू आहे असं लिहिलं होतं. विचार कसला, मी मूग गिळून बसलो होतो. मला वाटायचं, जोवर मी काही बोलत नाही तोवर कोणी कुठे जात नाही. नाही म्हटलं तर तू मला आयुष्यभर बोल लावशील, हो म्हटलं तर महिन्यातून दोनदा फाटकाशी थांबणारी ती गाडी बंद होईल. तिच्यातून उतरतात ती दोघंच तर माझी आहेत. गप्प बसलं की दोन्ही होत नाही. हिशोब पक्का होता.

आज उत्तर लिहायलाच बसलो होतो. ‘हो’ लिहिलं, खोडलं. ‘नाही’ लिहिलं, तेही खोडलं. तेव्हा सध्या एवढंच: आहे, थांब. रविवारपर्यंत थांब. इतके दिवस तुला माझ्याकडून एवढंही मिळालं नव्हतं.

ठोंब्याचा आणि ताईचा बाप


३१ मे, रविवार

ठोंब्याच्या आईस,

आज सकाळी एकटाच तलावावर गेलो. तुझी चिठ्ठी काल आली, तिच्यासोबत टोपी आली. चिठ्ठीत काही नाही, फक्त ‘ही तुझी’. टोपी वाळली आहे, काठ जरा वाकडा झालाय. घातली. थोडी घट्ट होते. ताईने हात करून दाखवलं तेव्हा बापाचं डोकं तिला जरा लहान वाटलं असेल. तिला सांगू नकोस.

एकट्या माणसाने तिथे जाऊ नये. बसमध्ये खिडकी कोणाला द्यायची हा प्रश्न नव्हता. चपटे दगड उडवले, चांगले गेले, टाळ्या वाजवायला कोणी नाही. कलिंगडाच्या बिया अजून गवतात पडलेल्या आहेत, मुंग्यांनी काही नेल्यात. मग ठोंब्या जिथे उभा होता ती जागा शोधली आणि भर दुपारी तिथे उभा राहिलो. तिथून पंपाची खोली दिसते, पण तिच्यामागे कोण आहे ते काही केल्या दिसत नाही. मी हाक मारली, ‘आहे का?’ वेड्यासारखी मोठ्याने मारली. अर्थात ओ आली नाही. टोपी होती, चपला होत्या, माणूस पंचेचाळीस वर्षांचा, तरी मला फार वेळ उभं राहवेना. सावलीत गेलो.

झाडाखाली बसून ठरवलं. खरं म्हणजे ठरवायला फारसं काही उरलं नव्हतं.

तू जा. मुलांना घेऊन जा. शाळा चालत जाण्यासारखी आहे ना, मग ठोंब्याला रस्ता ओलांडताना हात धरायला शिकव, तो मध्येच थांबतो. ताईवर पिशवी फार टाकू नकोस, ती मागून घेते म्हणून तिला जड होत नाही असं नाही. तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. टोपीवरून त्याला जे जे बोललो ते त्याला कधी कळलं नसेल तर आता कळवायची गरज नाही.

मला वाईट वाटतंय. ते लपवत नाही, आणि ते तुझ्या निर्णयाच्या आड येऊ देऊ नकोस. सुट्टी मिळाली की मी तिकडे येईन. एका रात्रीचा आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी त्याहून जास्त वेळ धीर दिलाय. मोजा सोबत पाठवतोय. ठेवून घ्यावा असं वाटत होतं, पण पोराला दुसऱ्या पायालाही लागेल.

ठोंब्याला एक निरोप दे. माझ्या नावाने दे. नियम बदललाय. ओ आली नाही तर उन्हात उभं राहायचं नाही. आधी टोपी उचलायची, सावलीत जायचं, पाणी प्यायचं. आणि मग तिथून हाक मारायची, हवी तेवढ्या वेळा. लिफ्ट हलत नाही. बाबाची ओ उशिरा येते, पण येते.

आणि तू फेब्रुवारीत विचारलं होतंस, त्याचं उत्तर.

आहे. चालव.